'माझ्याकडे तर चाललं होतं': इन्स्टॉलेशनच्या सूचनांचा छोटा इतिहास

मागच्या वर्षी जानेवारीत मेहरूणमधल्याच, आमच्या गल्लीतल्या एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला मी माझा एक प्रोग्रॅम दिला. काम साधं होतं. एक्स-रे डिफ्रॅक्शनचा डेटा वाचायचा, त्यातली शिखरं शोधायची आणि त्यांच्या रुंदीवरून कणांचा आकार काढायचा. सोबत एक पान सूचना दिल्या. सात पायऱ्या, प्रत्येकीत एक कमांड. माझ्या उबुंटूवर मी त्या स्वतः करून पाहिल्या होत्या, त्यामुळे निर्धास्त होतो.

तिचा लॅपटॉप विंडोजचा. तिने पायथन अधिकृत संकेतस्थळावरून व्यवस्थित टाकलं. तिसऱ्या पायरीत मी लिहिलं होतं, 'पायथन३ असं टाइप करा.' तिने केलं, आणि पायथन सुरू होण्याऐवजी समोर ॲप स्टोअरची खिडकी उघडली. तिला वाटलं, आधीचं पायथन नीट बसलं नसेल. म्हणून तिने तिथूनही पायथन टाकलं. आता लॅपटॉपवर दोन पायथन झाले. लायब्ररी एकात गेल्या आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालायला लागला. दर वेळी एकच उत्तर यायचं: असं मॉड्यूल नाही. मोबाइलच्या डेटावर पुन्हा पुन्हा डाउनलोड करण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, "दादा, मला नाही जमत हे. मी सरांना विषय बदलून मागते."

चूक सापडायला मला दहा मिनिटं लागली. चूक माझ्या पानात होती. लिनक्सवर पायथनची तिसरी पिढी 'पायथन३' या नावाने हाक मारली की येते. विंडोजवर संकेतस्थळावरून टाकलेलं पायथन 'पायथन' किंवा नुसतं 'पाय' म्हटलं की येतं. नावातला हा एका आकड्याचा फरक मी लिहिला नव्हता, कारण मला तो कधी दिसलाच नव्हता.

मला खरी टोचणी लागली ती तिच्या त्या वाक्याची. सूचना चुकली की लिहिणारा म्हणतो, 'माझ्याकडे तर चाललं होतं.' आणि नवीन माणूस म्हणतो, 'मलाच जमत नाही.' दोघंही प्रामाणिक असतात आणि दोघांचंही निदान चुकलेलं असतं. मग मी जरा मागे जाऊन शोधायला लागलो: वेगवेगळ्या मशीनवर एकच सॉफ्टवेअर टाकायच्या सूचना एकसारख्या ठेवायचा हा प्रश्न आधीच्या लोकांनी कसा सोडवला? पीएच.डी.ला येणाऱ्यांना हा इतिहास उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून इथे मांडतोय.

आधी प्रश्नाचे तीन तुकडे

कुठल्याही इन्स्टॉलेशनच्या सूचनेत तीन गोष्टी असतात. एक, काय टाकायचं: कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं व्हर्जन. दोन, कसं टाकायचं: कोणती कमांड, कोणतं बटण. तीन, नीट बसलं हे कसं ओळखायचं. आपण पानभर लिहितो ते बहुतेक दुसऱ्या तुकड्याबद्दल. पहिला तुकडा अर्धवट असतो आणि तिसरा बऱ्याचदा नसतोच. गंमत अशी की मशीनगणिक बदलतो तो फक्त दुसरा. पहिला आणि तिसरा सगळीकडे सारखे ठेवता येतात, किंबहुना ठेवायलाच हवेत. पुढचा इतिहास वाचताना हे तीन तुकडे डोक्यात ठेवा.

युनिक्सची भावकी

युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालं. ऐंशीच्या दशकापर्यंत त्याची भावकी मोठी झाली होती. सन, एचपी, आयबीएम, डीईसी, प्रत्येकाचं आपापलं युनिक्स. आडनाव एक, पण घरातल्या रीती वेगळ्या. एकाकडे चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे अडायचा. १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक आलं. युनिक्ससारख्या प्रणालीत किमान एवढ्या गोष्टी सारख्या असाव्यात, असं त्यात ठरवून दिलं. पण मानक कागदावर येणं वेगळं आणि सगळी मशीन त्याप्रमाणे वागणं वेगळं.

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं. त्यामागची कल्पना मला फार आवडते. वापरणाऱ्याला 'तुझं मशीन कोणतं?' असं विचारायचंच नाही, मशीनलाच विचारायचं. 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम तयार करून बघते: ही सोय आहे का, ती फाइल सापडते का, हे फंक्शन चालतं का. उत्तरं जमा झाली की त्याप्रमाणे पुढची तयारी करते. त्यामुळे वापरणाऱ्यासाठी सूचना तीन ओळींवर आली: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. लिनक्सवर ज्यांनी सोर्समधून काही टाकलंय त्यांच्या बोटांना या तीन कमांड पाठ असतील.

म्हणजे दुसरा तुकडा, 'कसं', मशीनच्या हवाली झाला. तिसऱ्या तुकड्याकडे पर्ल भाषेच्या लोकांनी जास्त लक्ष दिलं. त्यांचं सीपॅन हे भांडार १९९५ मध्ये सुरू झालं. तिथल्या मॉड्यूलच्या ठरलेल्या सूचनेत 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' यांच्या मधोमध आणखी एक पायरी असते: 'मेक टेस्ट'. म्हणजे बसवण्याआधी तपासा. पुढे १९९८ पासून सीपॅन टेस्टर्स नावाचे स्वयंसेवक आपापल्या मशीनवर या चाचण्या चालवून निकाल कळवू लागले. लेखकाकडे नसलेल्या प्रणालींवर त्याचं काम चालतं की नाही, हे त्याला घरबसल्या कळायला लागलं. 'माझ्याकडे तर चाललं होतं' या वाक्यावर शोधलेला हा एक जुना आणि चांगला इलाज.

कळफलकाने शिकवलेलं

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाने संगणकावर 'कसं टाकायचं' याच्या सूचना सर्वांत जास्त कशासाठी शोधल्या असतील, तर माझ्या मते मराठी टायपिंगसाठी.

विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली. २००१ मध्ये एक्सपी आलं. पण एक्सपीत ती सोय आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन, गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांच्या चौकटीत टिक करायची. मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं. सीडी नसली की काम तिथेच थांबलं. व्हिस्टापासून ही टिक करायची गरज उरली नाही. त्यामुळे जुनं पान घेऊन बसलेला माणूस नव्या मशीनवर नसलेली चौकट शोधत बसायचा. लिनक्सवर तर मार्गच वेगळा. तिथे आयबस किंवा त्याच्यासारखा इनपुटचा प्रोग्रॅम घ्यायचा आणि त्यात मराठी कळफलक जोडायचा.

म्हणजे पायऱ्यांचं पान दर प्रणालीला वेगळं आणि दर काही वर्षांनी शिळं. पण एक गोष्ट या सगळ्यात हलली नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकात इंग्रजी 'के'ची कळ दाबली की 'क' उमटतो, शिफ्टसोबत दाबली की 'ख', आणि 'जे'च्या कळीवर 'र'. विंडोज असो की लिनक्स, हे सारखंच. कारण हा आराखडा कुठल्या कंपनीच्या मेनूत ठरलेला नव्हता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे मानक काढलं. आपण ज्याला इस्की म्हणतो ते हेच. इन्स्क्रिप्टची मांडणी त्यात दिलेली आहे. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्याच काळात फॉन्टमध्येच अक्षरांचे संकेत बसवणाऱ्या पद्धतीही जोरात होत्या. त्यात टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की काय दिसतं, हे ज्यांनी जुनं ऑफिस किंवा डीटीपीचं दुकान पाहिलंय त्यांना सांगायला नको.

यातून मी एवढं उचललं: वाट सगळीकडे सारखी ठेवायचा हट्ट करू नका, शेवट सारखा ठेवा. 'टिक करा, सीडी घाला' या ओळी मरणारच आहेत. पण 'हे झाल्यावर के दाबा, क उमटला पाहिजे' ही ओळ एक्सपीवरही खरी होती आणि आजच्या मशीनवरही खरी आहे.

पवईतला 'नवखा'

आपल्या विषयाला सर्वांत जवळचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे: आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्याच्या निधीतून हा प्रकल्प आणि त्याचा भाऊबंद फॉसी हे दोन्ही चालले. रासायनिक अभियांत्रिकीचे प्रा. कन्नन मौद्गल्य हे त्यामागचं प्रमुख नाव. सायलॅब, लिबर ऑफिस, पायथन, लाटेक अशा मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे व्हिडिओ तयार करायचे, साधारण दहा मिनिटांचे, आणि त्यांचं निवेदन मराठीसह भारतीय भाषांमध्ये करायचं, असं हे काम.

यांच्यासमोरचा प्रश्न माझ्या प्रश्नाच्या शंभरपट मोठा होता. शिकणारा एकटा बसलेला, शेजारी विचारायला कोणी नाही, मशीन कोणतं ते माहीत नाही, इंटरनेटची खात्री नाही. म्हणून त्यांनी काही शिस्ती लावून घेतल्या. त्या प्रत्येक नवसंशोधकाने पाहाव्यात.

पहिली शिस्त: व्हिडिओच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो की मी अमुक उबुंटू वापरतोय आणि या सॉफ्टवेअरचं अमुक व्हर्जन. कानाला हे कंटाळवाणं वाटतं. पण दहा वर्षांनी बघणाऱ्याला त्या एका वाक्यामुळे कळतं की आपल्या पडद्यावर वेगळं का दिसतंय. पहिला तुकडा, 'काय', इथे बांधून ठेवलेला आहे.

दुसरी शिस्त: जिथे वाटा खरंच वेगळ्या आहेत तिथे त्या वेगळ्याच दाखवायच्या. लिबर ऑफिस विंडोजवर टाकण्याचं ट्युटोरियल वेगळं, लिनक्सवर टाकण्याचं वेगळं. एकाच व्हिडिओत 'विंडोजवाल्यांनी इथे असं करा, बाकीच्यांनी तसं' अशी खिचडी केली की दोघंही हरवतात. एकदा सॉफ्टवेअर बसलं की पुढचे धडे मात्र सर्वांना तेच.

तिसरी शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. रेकॉर्डिंगच्या आधी निवेदनाची संहिता नवख्या माणसाकडून तपासून घेतात. ते सॉफ्टवेअर न वापरलेला माणूस लिहिलंय तेवढंच करून बघतो. तो अडला तर दोष त्याचा धरत नाहीत, संहितेचा धरतात आणि ती दुरुस्त करतात. तज्ज्ञाची तपासणी वेगळी असतेच. पण तज्ज्ञ नकळत गाळलेली पायरी मनातल्या मनात भरून काढतो. नवखा तसं करूच शकत नाही. म्हणून त्याचं अडणं उपयोगाचं.

आणखी एक बारकावा. मराठी निवेदन करताना पडद्यावरचं चित्र बदलत नाहीत. त्यामुळे मराठी वाक्य मूळ वेळेत बसवावं लागतं, नाहीतर आवाज पाचव्या पायरीवर आणि चित्र सहाव्या पायरीवर. त्यासाठी प्रत्येक वाक्यासमोर वेळ लिहिलेली संहिता असते. भाषा वेगळी, मशीन वेगळं, पण शिकणाऱ्याच्या पडद्यावर शेवटी दिसायला हवं ते एकच. ही पद्धत बघताना व्हिडिओची खिडकी अर्ध्या पडद्यावर ठेवायची आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतः करत जायचं, असंच सांगतात. म्हणजे ताळा जागच्या जागी लागतो.

सूचनेचीच फाइल झाली

२०१० नंतर वेगळी दिशा आली. सूचना माणसासाठी लिहायचीच कशाला, मशीनला वाचता येईल अशी फाइल द्या. २०१२ मध्ये कोंडा आलं. एका फाइलमध्ये नावं आणि व्हर्जन लिहायची आणि तीच फाइल विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर द्यायची. २०१३ मध्ये डॉकर आलं. त्याने तर प्रोग्रॅमसोबत त्याच्याभोवतीचं अख्खं वातावरणच डब्यात भरून दिलं. २०१६ पासून विंडोज १० च्या आत लिनक्स चालवायची सोयही झाली. मग काही जण सरळ म्हणू लागले की सगळ्यांनी लिनक्सच्याच सूचना पाळा.

प्रश्न सुटला का? थोडा सुटला, थोडा सरकला. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या नव्या चिपचे मॅक आणले. आतापर्यंत 'मॅकसाठी' म्हणून एक रकाना होता, त्याचे दोन झाले: जुनी इंटेल चिप आणि नवी चिप. जुन्या चिपसाठी भरलेले डॉकरचे डबे नव्या मॅकवर थेट चालेनात, नक्कल करून, हळू चालवावे लागले. शिवाय डॉकर टाकायच्या सूचना तिन्ही प्रणालींवर वेगळ्या आहेतच. मोबाइलच्या डेटावर काही जीबीचा डबा उतरवणं आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना परवडतं, हाही विचार करा.

म्हणूनच सॉफ्टवेअर कार्पेंट्री ही संस्था मला समजूतदार वाटते. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेत संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवायला ही सुरुवात केली. त्यांच्या कार्यशाळेच्या पानावर विंडोज, मॅकओएस, लिनक्स असे तीन वेगळे रकाने असतात. म्हणजे वाट वेगळी असते हे त्यांनी मान्य केलंय. सोबत त्यांनी तपासणीच्या छोट्या स्क्रिप्टही केल्या होत्या: कार्यशाळेला येण्याआधी ही चालवा, काय राहिलंय ते तीच सांगेल. पुन्हा तेच. दुसरा तुकडा वेगवेगळा, तिसरा एक.

आकडाच बदलतो तेव्हा

तुम्ही म्हणाल, एवढं काय? चालत नसेल तर कळतंच की. खरी भीती वेगळी आहे. चालतं, पण उत्तर वेगळं येतं.

२०१२ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवरून वेगवेगळ्या भागांचं आकारमान आणि जाडी काढणारं फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं. प्रतिमा त्याच ठेवल्या आणि सॉफ्टवेअरची व्हर्जन, संगणक आणि मॅक प्रणालीची व्हर्जन बदलून पाहिली. मापं बदलली. रुग्ण तोच, स्कॅन तोच.

दुसरं उदाहरण २०१९ चं. हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ऑर्गॅनिक लेटर्समध्ये दाखवलं की एनएमआरची गणितं करणाऱ्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळी उत्तरं देतात. कारण अगदी क्षुल्लक होतं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची आणि त्या ठरावीक क्रमाने येतील असं धरून चालायची. पायथनने तसा शब्द कधी दिलेलाच नाही. क्रम प्रणालीवर अवलंबून असतो. काही ठिकाणी तो बरोबर आला, काही ठिकाणी नाही. मूळ पद्धतीचा संदर्भ तोवर शंभराहून अधिक शोधनिबंधांनी दिलेला होता. दुरुस्ती काय? यादी आधी क्रमाने लावून घ्या, बस.

हे वाचल्यावर मी रात्री माझा प्रोग्रॅम उघडला. तीच ओळ, तशीच, क्रम न लावलेली. सुदैवाने प्रत्येक नमुन्याचं तापमान मी फाइलच्या आतून वाचत होतो, म्हणून आकडे वाचले. पण ते सुदैव होतं, शहाणपण नव्हतं.

माझं पान आता

त्या मुलीने विषय बदलला नाही. आम्ही दोघांनी बसून पान नव्याने लिहिलं. वर पहिल्याच ओळीत: कोणत्या तारखेला, कोणत्या प्रणालीवर, कोणत्या व्हर्जनवर तपासलं. त्याखाली विंडोज आणि लिनक्स यांचे वेगळे भाग. कारण कमांडचं नाव वेगळं आहे आणि पायथनचं वेगळं वातावरण सुरू करणारी फाइलही लिनक्सवर 'बिन' नावाच्या फोल्डरमध्ये असते, विंडोजवर 'स्क्रिप्ट्स'मध्ये. मॅकचा भाग आम्ही लिहिला नाही. आमच्याकडे मॅक नाही, आणि न तपासलेली सूचना देण्यापेक्षा 'हे तपासलेलं नाही' असं लिहिणं बरं.

शेवटी दोन्ही भाग एकाच जागी येतात. सोबत एक नमुना फाइल दिली आहे. प्रोग्रॅम तिच्यावर चालवला की कणाचा आकार जो यायला हवा तो आकडा पानावर छापलाय. तो आला तर झालं. नाही आला तर पुढे जाऊ नका, मला फोन करा, चूक बहुधा आमच्या पानात आहे. हे शेवटचं वाक्य तिने घालायला लावलं. म्हणाली, "दादा, हे असतं ना, तर मी चार दिवस गप्प बसले नसते."

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर सीनियरकडून अशी पानं तुमच्याकडे येतील. अडलात तर कुठे अडलात ते लिहून ठेवा आणि त्यांना दाखवा. तुमचं अडणं ही त्या पानाची चाचणी आहे. आणि उद्या तुमचं पान दुसऱ्याला देताना ते एकदा अशा माणसाकडून करून घ्या, ज्याचं मशीन तुमच्यासारखं नाही. आमच्या पानाची यंदाची तपासणी तिच्या वर्गातल्या धाकट्या बॅचच्या एका मुलाने केली. तो चौथ्या पायरीला अडला. आता ती पायरी दोन ओळींत लिहिली आहे.